सातवीच्या छपराची आखाजी

१

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी आमोदखेड्याच्या शाळेत प्रमिलाबाईंनी नव्या खोलीचं कुलूप काढलं, तर आत नुसती भुई. आदल्या दिवसापर्यंत भिंतीला टेकून उभे असलेले कोरे करकरीत पत्रे, म्हणजे सातवीच्या वर्गाचं अख्खं छप्पर, गायब! कुलूप शाबूत, कडी शाबूत, दाराला साधा ओरखडाही नाही.

पत्रे म्हणजे काही सुईदोरा नव्हे की कुणी कनवटीला लावून न्यावा. त्यात ते गावाच्या घरपट्टीतून आलेले. चौऱ्याण्णव साली आमोदखेड्यात घरपट्टी भरणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं, असंच सगळे मानत. ग्रामसेवकानं वसुलीचा नाद कधीच सोडला होता. मग मुख्याध्यापिका प्रमिलाबाई स्वतः उठल्या आणि दारोदार फिरल्या. जिल्हा परिषदेनं सातवीचा वर्ग मंजूर केला होता तो एका अटीवर. शाळा उघडायच्या आत खोलीला छप्पर हवं, नाहीतर वर्ग नाल्यापलीकडच्या गावाला जाणार. नाला ओलांडून पोरगे जातील, पोरींना कोण पाठवणार? बाई आयांना म्हणाल्या होत्या, "तुम्ही पट्टी भरा, तुमच्या लेकीच्या डोक्यावर छप्पर मी दाखवते." बायांनी हरभऱ्याच्या डब्यातले, देव्हाऱ्यामागचे, कुठकुठचे पैसे काढून दिले होते. आता त्याच बाया पाणवठ्यावर म्हणत होत्या, "किल्ली बाईजोगे, मंग पत्रा कोनी खादात?"

चौकशीला तालुक्याहून पंचायतीचे विस्तार अधिकारी तोताराम अहिरे आले. निवृत्तीला टेकलेला माणूस. गुडघे कुरकुरायचे, चहा दिसला की डोळे लकाकायचे, आणि काखेत बारा महिने छत्री. मे महिन्यात छत्री कशाला, असं कुणी विचारलं तर म्हणत, "उन्हाला काय सुट्टी असते?"

ते खोलीत शिरले, मधोमध उभे राहिले आणि मान वर करून बघत बसले. वर निळंभोर आभाळ होतं आणि एक घार संथ फिरत होती.

"बाई, दाराला कुलूप लावलंत. वर काय लावलं होतं?"

सरपंच रुपचंद पाटील शेजारीच होते. ते म्हणाले, "वर काय लावसूत साहेब? वर तर ते पत्राच लावाना व्हतात!"

बोलून झाल्यावर सरपंचांना आपण काय बोललो ते कळलं. तीन दिवस गाव किल्ल्यांवरून भांडत होतं. एक किल्ली बाईंकडे, दुसरी सरपंचांकडे, म्हणून निम्मा गाव बाईंवर घसरला होता आणि निम्मा सरपंचांवर. आणि खोलीला छप्परच नव्हतं!

बाईंना हसावं की रडावं ते कळेना. त्या म्हणाल्या, "पण साहेब, भिंतीवरून काढले तरी नेले कुठे? समोर चौक आहे. आखाजीला निंबाखाली दिवसभर पत्त्यांचा डाव चालतो. पुढे वेशीवर झोके बांधलेले, माहेरवाशिणींची गर्दी. पत्र्यानं लादलेली गाडी तिथून गेली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं."

तोतारामांनी सगळ्यांना विचारलं. चौकातून एकही पत्रा गेला नव्हता. रात्री तर गाव घरांच्या सपाट धाब्यांवर उघड्यावर निजतं, तेव्हा खुट्ट झालं तरी पन्नास डोकी वर होतात. मोकळी वेळ एकच. आखाजीच्या दुपारी बाया ढोल लावून गौराई घेऊन नदीवर गेल्या होत्या आणि बापे पत्त्यांत बुडाले होते. म्हणजे पत्रे गेले होते भरदुपारी, गावाच्या नाकासमोरून, आणि तरीही कुणाला दिसले नव्हते.

२

खोलीच्या मागच्या भिंतीला लागून एक गल्ली होती. सगळी धाब्याची घरं, म्हणजे सपाट मातीच्या छपरांची, एकमेकांना खेटून उभी. या धाब्यावरून त्या धाब्यावर पोरंसोरं सहज जात. भिंतीला लागून पहिलं घर सुपडू मिस्तरीचं, मग द्रौपदाबाई अक्काचं, मग उपसरपंच नथ्थू पाटलाचं.

तोताराम छत्री टेकत निघाले आणि त्यांच्यापुढे एक वावडी धावली. हा माणूस पत्र्यांसाठी नाही, आकारणीसाठी आलाय! घरांच्या नव्या आकारणीचं ते सालच होतं. मातीच्या धाब्याला पट्टी कमी, पक्क्या घराला जास्त, आणि खोली वाढली की पट्टी वाढली. बघता बघता गावातली घरं आक्रसायला लागली. कुणी नवं दार गोणपाटानं झाकलं, कुणी नळाच्या तोटीवर टोपलं घातलं.

पहिला मान सरपंचांचा. त्यांच्या वाढीव खोलीत पलंग होता, रेडिओ होता, भिंतीवर घड्याळ होतं.

"ही खोली नवी दिसते," तोताराम म्हणाले.

"खोली कसानी साहेब? हाऊ गोठा शे."

"आणि बैल?"

"बैल बाहेर गयात," सरपंच अगदी गंभीरपणे म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आकारणी करानीच व्हई तर सुपडूनी करा. मागला सालले पक्की न्हाणी बांधी त्यानं."

सुपडू मिस्तरीच्या अंगणात लाकडाचा भुसा उडत होता. शाळेचं छप्पर चढवायचं काम त्यालाच मिळणार होतं, म्हणून पत्रे गेल्यावर तोही हिरमुसला होता. आखाजीच्या दुपारी तो कुठे होता हे विचारायची गरजच नव्हती. नदीवर ढोल तोच बडवत होता आणि अख्ख्या गावच्या बायांनी ते पाहिलं होतं. सरपंचही दिवसभर पत्ते पिसत बसले होते, तेही सगळ्यांसमोर.

"न्हाणी?" सुपडू म्हणाला. "न्हाणी नही साहेब, चार फरशा टाक्यात, पाय धोवाले. खरी आकारणी करो तर सरपंचना घर जा. त्यासना गोठाले पंखा शे!"

तोताराम मिश्या चावत हसले. तीस वर्षं ते हेच ऐकत आले होते. स्वतःचं घर दाखवताना माणूस झोपडीत राहतो, शेजाऱ्याचं सांगताना महालाचं वर्णन करतो. खानदेशातलं गाव असो की कुठलं, या रीतीत त्यांनी कधी फरक पाहिला नव्हता.

"मिस्तरी, यंदा धाब्यांवर खारी कुणी कुणी टाकली?" त्यांनी जाता जाता विचारलं. खारी म्हणजे जुन्या गढीची पांढरी माती. पावसाळ्याआधी ती धाब्यावर कोरडीच पसरतात, म्हणजे पाणी झिरपत नाही.

"मनी टाकायनी. नथ्थूभाऊनी गाडी तर आखाजीना आगे चार दिन गढीवरथीन हालत नव्हती. लई माती आनी त्यासनी."

तोताराम मान हलवून पुढे निघाले.

३

द्रौपदाबाई अक्का दारातच बसली होती. गावात पट्टी न भरण्याचा पहिला मान तिचा. ग्रामसभेत ती हात नाचवून म्हणाली होती, "मी पन पाहासू, ते छप्पर कसं चढस!" त्यामुळे संशयितांत तिचंही नाव होतंच. पण आखाजीला ती गावातच नव्हती. शिरपूरला लेकीचं बाळंतपण करायला गेली होती आणि कालच परतली होती.

"काय झालं लेकीला?" तोतारामांनी आधी तेच विचारलं.

"आंडेर. निऱ्ही लक्ष्मी शे," अक्काचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच परत आवळला. "पट्टी मागाले उना व्हशी तर उठ. भरती नही मी. इतला वरीस व्हयनात, मना दारशी दिवा नही. खांब गाडा तो नथ्थूना दारशी. उजेड त्याले, आनि पट्टी मी भरू?"

"नथ्थूशी बरं नाही वाटतं?"

"दहा वरीसनं बोलनं बंद शे. मना धाबानं पानी त्याना आंगनमा पडस म्हनीसन मना पन्हाळ तोडी टाका मुर्दाडनी." मग अक्कानं चहाचा कप पुढे केला आणि तिचा आवाज मऊ झाला. "पन गावमा देवमानसंबी शेत भाऊ. मी शिरपूरले असताना कोन पुण्यवाननं मना धाबावर खारी टाकी दिधी. दारशी पांढरी माती सांडेल व्हती. मना गुडघा काय वर चढू देतस नहीत, पन मी त्याले कालपाइन आशीर्वाद देस."

तोताराम काही बोलणार तोच गल्लीवरून माकडांची टोळी निघाली. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, या धाब्यावरून त्या धाब्यावर. धप्, धप्, धप्. मग खडाङ्! मग पुन्हा धप्, धप्. खाली कुणी बाई माकडांना हाकलायला पितळी ताट बडवत होती, आणि पोरांनी कालवा केला होता.

तोतारामांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"अक्का, या गल्लीत कुणाचं पत्र्याचं घर आहे का?"

"पत्रानं? बठ्ठा गल्लीमा धाबाच शेत. ते ताट वाजनं असी."

असेल, तोताराम म्हणाले. पण चहा त्यांनी थंड होऊ दिला, आणि जे त्यांना ओळखत त्यांना ही गोष्ट फार विलक्षण वाटली असती.

४

नथ्थू पाटलानं मात्र साहेबांचं स्वागत दणक्यात केलं. पाट, पाणी, दुसरा चहा. पत्रे अमळनेरहून त्याच्याच ट्रॅक्टरनं आले होते, भाडंही त्यानं घेतलं नव्हतं. चोरीनं सगळ्यांत जास्त तोच हळहळत होता. त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यात पांढऱ्या मातीचा उरलासुरला ढीग होता.

"धाब्यावर खारी टाकलीत वाटतं?"

"टाकी ना साहेब. जुनं धाबं, दोनच खोल्या. तुमी लिखशात ते खरं." नथ्थूही घर आक्रसून दाखवत होता. आतापर्यंत सगळं रीतीप्रमाणे होतं. मग तो पुढे झुकला. "एक सांगू? त्या अक्कानं घर लिखू नका. पडेल शे ते. बिचारी एकटी डोकरी, कोठून भरी? आनि तुमी वर चढू नका हां. धाबं कुचेल शे, पाय जाई तुमना."

"वा," तोताराम म्हणाले. "फार काळजी घेता शेजारणीची."

त्यांनी चहा संपवला, सावकाश उठले, आणि अंगणाच्या मध्यावर जाऊन म्हणाले, "सरपंचांना बोलवा, बाईंना बोलवा, गल्लीलाही बोलवा. आणि एक शिडी आणा. मला एका धाब्यावर चढायचंय."

गल्ली गोळा झाली, पण कुणाच्या तोंडावर रक्त नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, म्हातारा आपल्याच धाब्यावर चढणार. सरपंचांच्या कपाळावर घाम आला. शिडी अक्काच्या भिंतीला लागली तेव्हा गल्लीनं एकजात सुस्कारा सोडला.

तोताराम गुडघ्यांना शिव्या देत वर गेले. वर पाऊल ठेवलं, छत्रीचं टोक पांढऱ्या मातीत खुपसलं.

टण्!

त्यांनी पायानं माती बाजूला सारली. खाली उन्हात पत्रा लखलखला. दोन-तीन थरांत, नीट अंथरलेलं, सातवीच्या वर्गाचं छप्पर तिथे निजलं होतं.

खाली एकच गिल्ला उठला. "अक्का! अक्का चोर निंघनी!" बाया दारावर धावल्या. अक्का उंबऱ्यातच मटकन बसली. आशीर्वाद देणारं तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

५

"थांबा!" तोताराम वरून ओरडले. एरवी ते ओरडत नसत, म्हणून गल्ली थांबली.

"अक्का शिरपूरला होती, तेव्हा ती यात नाही. पत्रे भिंतीवरून सुपडूच्या धाब्यावर आले आणि तिथून इथे. खाली उतरलेच नाहीत, मग चौकाला दिसतील कसे? अक्काचं घर बंद होतं. शिवाय वसुलीवाल्यांनी या दाराचा नाद सोडलेला, म्हणजे इथं वर कोण चढणार? बोंब निवली की एखाद्या दिवशी कडब्याच्या गाडीत घालून शेतावर. जागा हुशारीनं निवडली. आता प्रश्न एवढाच, की निवडली कुणी?"

त्यांनी छत्री शेजारच्या धाब्याकडे रोखली.

"सरपंच, वर येऊन बघा. नथ्थूभाऊंच्या धाब्यावर मागल्या पावसाळ्याचं वाळलं गवत तसंच उभं आहे. खारीचा कणसुद्धा नाही. गाडी चार दिवस माती वाहत होती, अंगणात ढीग उरला आहे, आणि नथ्थूभाऊ म्हणतात, टाकली. खरंय, टाकली. पण कुठे?"

नथ्थू उसनं हसला. "माती काय साहेब, कोनीबी टाकी..."

"मातीवर माझा भरवसा नव्हताच," तोताराम म्हणाले. "मी तीस वर्षं आकारणीला फिरतोय. आज सरपंचांनी मला सुपडूची न्हाणी दाखवली, सुपडूनं सरपंचांचा पंखा दाखवला." गल्लीत कुणीतरी फिसकन हसलं आणि सरपंच आभाळ बघू लागले. "आपलं घर लहान, दुसऱ्याचं मोठं, हीच रीत. दुसऱ्याचं घर लहान करून सांगणारा माणूस मला उभ्या नोकरीत एकच भेटला, तो आज. आणि कुणाचं? जिच्याशी दहा वर्षं बोलणं बंद, जिची पन्हाळ स्वतः तोडली, तिचं! वर चढू नका, धाबं कुजलंय, म्हणाले. कालपरवा नवी खारी पडलेलं धाबं कुजतं कसं? आणि माकडं त्यावर उड्या मारत गेली, एकाचाही पाय गेला नाही. नुसता पत्रा वाजला."

नथ्थूनं इकडे तिकडे पाहिलं. आखाजीला आलेला त्याचा शालक, ज्यानं पत्रे उचलायला हात लावला होता, तो तर दुसऱ्याच दिवशी गाव सोडून गेला होता. मग त्याचा एकदम तोल गेला.

"हा, मी लिधात! बठ्ठा गावमा जास्ती पट्टी मी भरस. मना पोऱ्या अमळनेरले शिकतस. या शाळानं माले काय काम? मना पैसाना पत्रा, मना गोठाले लागतीन, त्याम्हा काय चोरी? माले काय भेटनं या पट्टीम्हा?"

तोताराम उत्तर द्यायला तोंड उघडणार होते, पण त्यांच्याआधी उंबऱ्यातून अक्का उठली. गुडघ्यांवर हात टेकत, भिंत धरत ती गल्लीच्या मध्यावर आली.

"काय भेटनं म्हनस?" ती म्हणाली. "तो दिवा भेटना तुले! इतला वरीस मी त्याकडे देखी देखी जळस. आनि ज्या बायासनी पट्टी भरी, त्यासना दारशीबी दिवा नही रे. तरी भरी त्यासनी, पोरीसकरता."

ती नथ्थूशी दहा वर्षांनी बोलत होती. नथ्थूची मान खाली गेली.

६

पोलिसांत द्यायचं की नाही यावर सरपंच घोळ घालत होते. तोताराम म्हणाले, "अहवाल मी वर देणारच, त्यात लपवाछपवी नाही. पण आधी बाईंना विचारा. अब्रू त्यांची गेली होती."

प्रमिलाबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातला होता. "नथ्थूभाऊ, पट्टीसाठी मी ज्या ज्या दाराशी गेले, त्या त्या दाराशी तुम्ही जायचं. आणि प्रत्येक बाईला सांगायचं, पत्रे मी नेले होते, बाईंनी नाही. मला दुसरं काही नको."

नथ्थूला त्यापेक्षा पोलीस परवडले असते. पण गल्ली बघत होती, तेव्हा तो गेला. उन्हं कलेपर्यंत त्याच्यामागे दारं उघडत राहिली.

तोवर सुपडूनं पत्रे एकेक करून खाली उतरवले. सरपंचांनी उगाच खाकरून साहेबांना बाजूला घेतलं. "तो गोठा... खोलीच लिखी ल्या. बैल काही येवाव नहीत आते."

पत्रे शाळेकडे निघाले तशी अक्का आडवी आली.

"थांबा रे," ती म्हणाली. तिच्या हातात कुंकवाचा करंडा, एक खण आणि गाठ मारलेलं फडकं होतं. वरच्या पत्र्याला तिनं कुंकवाचं बोट लावलं, त्यावर खण ठेवला. मग गाठ सोडून पैसे तोतारामांपुढे धरले. कित्येक वर्षांची थकलेली घरपट्टी त्यात नसेलही, पण मूठ जड होती.

"अक्का, हे काय?"

"आखाजीना दिन मना घर उन्यात, तीन दिन राह्यन्यात. मनी आंडेर तर यंदा येवाले नही जमनी, या उन्यात. माहेरवाशीणले कोनी रिकामा हातनी धाडस का? बोळवण शे ही. पावती फाड."

गल्लीतल्या बाया कालपर्यंत बाईंना नावं ठेवत होत्या. त्यांतली एक पुढे झाली आणि तिनंही पत्र्याला कुंकू लावलं. मग दुसरी आली. प्रमिलाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मग त्यांना काही आवरेना.

तोतारामांनी पावतीपुस्तक काढलं, पेन झटकलं. "काय म्हणून लिहू अक्का? घरपट्टी की बोळवण?"

"तुले जे जमी ते लिख," अक्का म्हणाली, "पन त्या सातवीमा पोरी बसाडा. मनी नात मोठी व्हई तवय मी तिले आठे शिकाले आनसू."

तोतारामांनी नियमाप्रमाणे घरपट्टीच लिहिलं. पण लिहिताना अक्षरं धूसर दिसायला लागली, आणि चष्मा दोनदा पुसूनही काही उपयोग झाला नाही.